तिसरी फेरी

भिंतीचा एवढाच तुकडा रंगवला मी,
खुर्चीमागचा, चार फूट बाय तीन.
कॅमेऱ्याला याहून जास्त दिसत नाही.
बाकीच्या भिंतीला ओल आहे
आणि भूकंपानंतर लिंपलेली एक भेग,
दर हिवाळ्यात ती थोडी उकलते.

ग्युमरीत रात्रीचे नऊ, बाहेर उणे एकोणीस.
कॅलगरीत सकाळचे दहा.
ब्रेंट म्हणतो, गुड मॉर्निंग, वार्दितेर,
नाव बरोबर घेतलं ना मी?
अगदी बरोबर, मी म्हणते.
पहिली फेरी याच खोट्यावर निभावली होती.

दुसरीत घरी करायचं काम होतं:
चार तासांहून जास्त वेळ घालवू नये.
मी चार रात्री घालवल्या
आणि लिहिलं, साडेतीन तास.
अकरा वर्षं शाळेत गणित शिकवलंय.
मागच्या पानावरून उतरवलेलं उत्तर
मला वहीच्या वासावरून कळायचं.
त्यांनाही कळलं असेल.

आज प्रश्न असा:
एका शहरात इतके चौक, इतके रस्ते,
त्यातले काही अचानक बंद.
या टोकाहून त्या टोकाला
कमीत कमी वेळात कसं पोचाल?

ब्रेंट, मी सहा वर्षांची होते
तेव्हा आमचे सगळे रस्ते
एका सकाळीत बंद झाले होते.
बाबांनी मला पाठुंगळी घेतलं
आणि दगडांवरून, दगडांवरून
कारखान्यापासून इस्पितळापर्यंत नेलं.
मग कळलं, इस्पितळही नाही.

हे मनात.
तोंडाने म्हणते, आधी आलेख काढू या.

विसाव्या मिनिटाला वीज गेली.

बाबांनी काही विचारलं नाही.
इंग्रजी त्यांना येत नाही,
रशियन येते, आणि अंधार येतो.
माझा फोन उचलून ते खिडकीशी गेले,
सगळ्यात वरच्या काचेपाशी,
जिथे नशिबात असेल तर दोन दांड्या दिसतात,
आणि तिथे फोन धरून उभे राहिले.

ब्रेंट परत आला. आधी आवाज, मग कपाळ, मग सगळा.
कुठे होतो आपण?
चौकात, मी म्हटलं.
तो हसला. मी लिहू लागले.
पस्तीस मिनिटं.
एकदा माझंच चक्र मला सापडेना,
त्याच चौकात पुन्हा पुन्हा येत राहिले,
तेव्हा खिडकीकडे बघितलं.
काचेवर त्यांच्या श्वासाचा पापुद्रा धरला होता.
फोनचा हिरवट उजेड फक्त बोटांवर.
एकतीस वर्षं मोज्यांच्या यंत्रावर घासलेली बोटं.
बाबा हात बदलायचे तेव्हा
ब्रेंट थिजायचा, तोंड अर्धं उघडं,
जांभई द्यावी तसा.

शेवटी तो म्हणाला, हा सोपा आहे,
यात चूक-बरोबर काही नाही:
तुम्हाला एकटीने काम करायला आवडतं की सोबतीने?

उत्तर पाठ होतं. आरशासमोर घोकलेलं.
मी स्वतंत्रपणे काम करते,
मला कुणी हाताशी लागत नाही.

उजवा हात खाली आला, डावा वर गेला.
ब्रेंट थिजला. परत आला.
छान, म्हणाला, आणि काहीतरी टिपून घेतलं.

नऊ दिवसांनी मेल आली.
इतकी नम्र, की नकार नेमका कुठल्या ओळीत आहे
ते दोनदा वाचून शोधावं लागलं.

बाबा चहात रानओवा चुरत होते.
काय म्हणाले?
नाही म्हणाले.
कोण, तो अडकायचा तो?
तोच.
हं, म्हणाले, गरीब दिसत होता बिचारा,
त्याच्याकडेही नेट धड नसणार.

रंगाचा डबा कोपऱ्यात होता, वर कातडं धरलेलं.
त्यांनी काडीने ते टोचलं, खाली ओला आहे बघितलं,
झाकण परत बसवलं.
मग डावा खांदा चोळत म्हणाले,
पुढच्या वेळी स्टूल दे.